झेता दोनच

गालातोनेच्या आमच्या छापखान्यात
मोठ्या लाकडी टाइपाचा एकच खण,
आणि त्यात झेता दोनच.
तिसरी युद्धाच्या हिवाळ्यात चुलीत गेली, वडील सांगायचे.
तिच्यावर काय शिजलं ते कधी सांगितलं नाही.

अक्षर विक्षिप्त आहे हे.
उभा दंड मांडीएवढा,
शाई पितो उन्हातून आलेल्या बैलासारखा,
आणि त्याला जोडणारी रेघ
केसाची. तोही तान्ह्या मुलाच्या.
मधलं काही याला ठाऊकच नाही.
दुसरी अक्षरं वळण घेत जमिनीला टेकतात,
हे टेकतं वस्तऱ्याच्या पात्यावर.

ओ म्हणजे दोन फुगलेले काळे गाल,
वर एक टाका, खाली एक टाका.
झेता म्हणजे तिरपी तुळई,
उशाशी दोरा, पायथ्याशी दोरा.

पुस्तक यात छापू नये.
पाचव्या ओळीला डोळ्यांपुढे
गजांच्या खिडकीतलं ऊन नाचायला लागतं.
बारीक आकारात तर केस गळतातच,
ए-चा नुसता खांब उरतो.
याला भिंत लागते आणि दहा पावलांचं अंतर.
अत्तरवाले घेतात, ऑपेरावाले घेतात,
वकिलाच्या मुलीच्या लग्नात घेतात.
आणि गावात कुणी गेलं
की काळ्या चौकटीत, बेकरीच्या कोपऱ्यावर,
मेलेल्याचं नाव.

त्या बुधवारी बात्सानी सर्कसचं काम होतं, दोनशे प्रती.
बात्सानीत दोन झेता.
फर्मा आवळून झाला होता, रोलरला लाल शाई लागली होती,
तेवढ्यात पान्तालेओ दारात, टोपी हातात.
आई पहाटे गेली.
आडनाव कारोत्सो.
मी खणाकडे बघितलंही नाही. मला माहीत होतं.

सर्कसचा मॅनेजर खुर्चीतच बसलेला, कोटावर घोड्याचे केस.
म्हणाला, बाई, मेलेल्यांना घाई
आणि थांबला.
मग स्वतःच उठून चावी घेतली
आणि फर्मा सैल केला.
बात्सानीच्या पोटात दोन भोकं पडली.

लाल निघेना. रॉकेल, चिंधी, पुन्हा रॉकेल,
नखानं कोपरे.
पान्तालेओ बघत होता.
म्हणाला, एवढं जाड कशाला, दोनाता?
ती काडीसारखी होती. जाळी विणायची,
शेवटी शेवटी सुईच जड व्हायची तिला.
माझ्याकडे दुसरं मोठं अक्षर नव्हतं.
तेच सांगणार होते.
पण त्यानं आधीच बोट पुढं नेलं होतं,
झेताच्या वरच्या दोऱ्यावरून,
जिथं कधीतरी टवका उडालाय तिथपर्यंत,
आणि तिथंच ठेवलं.
मी म्हटलं, बोट काळं होईल.
तो म्हणाला, होऊ दे.

पस्तीस प्रती. खळ ओली असतानाच
पोरगा सायकलवर घेऊन गेला.
दुपारी बायका भिंतीपाशी थांबल्या,
लांबूनच थांबल्या, जवळ यायची गरज नव्हती.

रात्री पुन्हा रॉकेल.
काळं धुतलं, लाल लावलं,
सकाळपर्यंत बात्सानी, बात्सानी, बात्सानी.
पहिल्या दहा-बारा प्रतींत
झेतांचा लाल जरासा मळका आला.
मॅनेजरनं त्या वेगळ्या काढल्या नाहीत.

पोस्टर लावणाऱ्याला मी सांगितलं होतं, वर नको, शेजारी.
आता कोपऱ्यावर दोन्ही आहेत.
टवका दोन्हींत त्याच जागी आहे,
गावातल्या कुणाला दिसत नाही,
तुटलेला दोरा डोळा स्वतःच भरतो.

तिसरी झेता कोरून घेऊ या का,
नवऱ्यानं जेवताना विचारलं.
बघू, म्हटलं मी.
नखातलं लाल अजून गेलेलं नव्हतं.